जुन्या स्टेशन वॅगनच्या मागच्या सीटला थ्री-पॉइंट बेल्ट: कुणी बसवलेत का?

डिकीभर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

वडिलांची १९६९ ची स्टेशन वॅगन आता माझ्याकडे आली आहे. इंजिन, ब्रेक, वायरिंग असं एकेक करत दोन वर्षांत मार्गी लावलं. राहिलेत ते सीटबेल्ट. पुढे थ्री-पॉइंट (खांदा आणि कमर दोन्ही धरणारे, तीन ठिकाणी बांधलेले) आहेत, पण पट्टा गुंडाळणारं रीळ नसलेले. लांबी हाताने कमीजास्त करायची. मागे कडेच्या दोन जागांना नुसते कमरेचे पट्टे, मधल्या जागेला काहीच नाही. तेही पार विटलेत. उजवीकडचा पट्टा मुळात गडद निळा होता हे बक्कलच्या आत दडलेल्या दोन बोटं भागावरूनच कळतं, बाकी सगळा राखाडी झालाय.

मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाचचा. परवा दोघं मागे चढून बसली, "बाबा, एक चक्कर". मी पट्टा लावला तर तो मुलाच्या कमरेवर न राहता सरळ पोटावर सरकला. ओढून घट्ट केला तरी तेच. मी किल्ली काढली आणि मुलांना खाली उतरवलं. तेव्हापासून गाडी आच्छादनाखाली आहे.

मागच्या कडेच्या दोन्ही जागांना रिळाचे थ्री-पॉइंट बेल्ट बसवायचे आहेत. सेडानला मागच्या काचेखाली पत्र्याची फळी असते, तिथे रीळ बसतं. वॅगनला ती फळीच नाही, मागे थेट डिकी. मग रीळ कुठे आणि खांद्याचा बिंदू (पट्टा बॉडीला जोडायची जागा) कुठे? कुणी स्वतः केलं असेल तर सविस्तर सांगा.

पानाफिरकी

आधी ड्रिल बाजूला ठेव.

मागची गादी उचल, पाठीची गादी काढ, मागच्या दाराच्या मागे जो खांब आहे (सी-पिलर) त्याचं आतलं अस्तर सोडव. त्या काळात बऱ्याच कारखान्यांनी एकच बॉडी वेगवेगळ्या देशांसाठी काढली. जिथे पट्टे लागायचे तिथे लावले, जिथे नाही तिथे नट आतून वेल्ड केलेला तसाच ठेवून वर रबरी बूच मारलं किंवा नुसतं अस्तर चढवलं. अंगठ्याने दाबत दाबत जा. कुठे गोल खळगा लागला की थांब.

मूळरूप

माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्टच मांडतो. १९६९ ची वॅगन अशा अवस्थेत आज किती जणांकडे असेल? वॅगन लोकांनी ओझी वाहून वाहून संपवल्या, सेडान तरी जपल्या. त्या खांबाला एकदा भोक पडलं की ते बुजवता येतं, पण तो खांब पुन्हा कारखान्यातला राहत नाही. मुलांसाठी घरात दुसरी, नवी गाडी असेलच ना? या गाडीत एकट्याने फिरा. मूळ पट्ट्यांचं कापड नवं शिवून घ्या, बक्कल जपा.

साधीसुधी

मूळरूप, तुमची कळकळ समजते. पण गाडी ज्यांनी पुढे सांभाळायची, त्यांनीच त्यात कधी बसायचं नाही? माझ्या वडिलांच्या गाडीची मला ओढ लागली ती मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघतानाच. डिकीभर, तुम्ही किल्ली काढलीत ते योग्य केलंत. आता बेल्ट बसवा आणि मुलांना न्या.

हाडवैद्य

पाच वर्षांच्या मुलाच्या पोटावर पट्टा का सरकतो ते सांगतो, कारण बसवताना त्याचा उपयोग होईल.

मोठ्या माणसाच्या कमरेच्या हाडाला पुढे दोन्ही बाजूंना एक उंचवटा असतो, आपल्याला बोटाने लागतो तो. कमरेचा पट्टा त्या उंचवट्याच्या खाली अडकून राहतो. लहान मुलात तो पुरता वाढलेला नसतो, त्यामुळे पट्ट्याला अडायला जागाच नाही. शिवाय मुलाचे पाय आखूड. गुडघे सीटच्या कडेवरून खाली वळावेत म्हणून ते पुढे घसरून बसतं आणि पट्टा आणखी वर येतो.

अशा वेळी टक्कर झाली तर शरीर पट्ट्यावरून पुढे दुमडतं. आतड्यांना इजा होते आणि कण्याचा मणका आडवा उकलतो. या अस्थिभंगाला चान्स फ्रॅक्चर म्हणतात. १९४८ मध्ये चान्स नावाच्या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, आणि पुढे गाड्यांत कमरेचे पट्टे वाढले तशी ही दुखापत आणि पोटावरचा पट्ट्याचा वळ एकत्र दिसू लागले. खांद्याचा पट्टा असला की धड दुमडत नाही, भार छातीच्या पिंजऱ्यावर आणि कमरेवर वाटला जातो.

तरीही कमरेचा पट्टा काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरा. तो माणसाला गाडीबाहेर फेकलं जाण्यापासून वाचवतो. थ्री-पॉइंट बसेपर्यंत मोठ्यांनी तोच लावावा, मांड्यांच्या मुळाशी, खाली आणि घट्ट.

सुकाणू

एक शंका. या जुन्या गाड्यांचा पुढचा भाग चेपतच नाही. स्टीअरिंगचा दांडा सरळ छातीकडे रोखलेला. डोक्यामागे टेकू नाही. एवढं सगळं नसताना नुसते पट्टे बदलून कितीसा फरक पडणार?

गतिज

सुकाणू, पुढचा भाग कमी चेपतो म्हणूनच पट्ट्याचं महत्त्व वाढतं. हिशेब करून बघू.

ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. ७० किलोचा माणूस पट्ट्यासह अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबला असं धरलं, तर सरासरी मंदन गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २० पट येतं. पट्ट्याने धरायचा भार जवळजवळ १,४०० किलो. हे सरासरीचं झालं, क्षणभराचा कळस याहून वर जातो. पट्टा नसेल तर गाडी थांबली तरी माणूस त्याच वेगाने पुढे जातो आणि डॅशबोर्डवर काही सेंटिमीटरांत थांबतो. अंतर दहापट कमी, की भार दहापट जास्त.

आणि मांडीवर मूल घेऊन बसणाऱ्यांसाठी: १८ किलोचं मूल त्या क्षणी ३६० किलोचं होतं. कोणाचेही हात ते धरू शकत नाहीत.

पुढून चेपणारी बॉडी ही बेला बारेन्यी या अभियंत्याची कल्पना, १९५९ च्या मर्सिडीज डब्ल्यू १११ मध्ये ती रस्त्यावर आली. आत दबणारा स्टीअरिंग दांडा अमेरिकेत १९६८ पासून नियमात आला. जुन्या गाडीत या दोन्ही गोष्टी नंतर घालता येत नाहीत. बेल्ट घालता येतो.

सुकाणू

पटलं. आकडे पाहून पोटात गोळा आला, खरं सांगतो.

पानोपानी

थोडं अवांतर, पण राहवत नाही. थ्री-पॉइंट बेल्ट ज्यांनी आजच्या रूपात आणला ते निल्स बोलिन व्होल्वोत येण्याआधी साब या कंपनीत लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करत होते. १९५८ मध्ये व्होल्वोत आले आणि १९५९ मध्ये पीव्ही ५४४ आणि अ‍ॅमेझॉन या गाड्यांत हा बेल्ट आला. वैमानिक चार-चार पट्टे निमूट बांधून घेतो. साधा माणूस मात्र एका हाताने, एका क्षणात लागेल तेवढंच लावतो, हे त्यांनी ओळखलं. म्हणून बक्कल पोटावरून काढून कमरेच्या बाजूला, खाली नेलं.

व्होल्वोने पेटंट घेतलं पण सगळ्या गाडी कारखान्यांना वापरायला मोकळं ठेवलं. १९६७ मध्ये त्यांनी २८ हजार अपघातांचा अभ्यास मांडला, तेव्हा कुठे इतरांचा विश्वास बसू लागला.

कमानी

पानोपानी, एक भर: तीन बिंदूंची कल्पना बोलिनच्या आधीची. अमेरिकेत ग्रिस्वोल्ड आणि डी हेवन यांना १९५५ मध्ये पेटंट मिळालं होतं. त्यात बक्कल पुढे, पोटाजवळ येत होतं. बोलिनचं श्रेय त्या व्ही आकाराच्या मांडणीचं.

पानोपानी

बरोबर, आणि म्हणूनच डिकीभर यांनी बक्कलची जागा ठरवताना हे लक्षात ठेवावं. बक्कल पोटावर आलं तर सगळं मुसळ केरात.

नवखा

साधा उपाय सुचवतो. भंगारात निघालेल्या नव्या गाडीचे बेल्ट काढून लावले तर? नवी गाडी म्हणजे बेल्टही चांगलेच असणार.

पानाफिरकी

नवखा, हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

एक तर नव्या गाडीच्या पुढच्या बेल्टच्या रिळात बहुतेक वेळा प्रीटेन्शनर असतो. त्यात छोटी स्फोटक कुपी असते, टकरीच्या क्षणी ती पेटून पट्टा ओढून घेते. ती पेटवायला गाडीचा संगणक लागतो. तुझ्या जुन्या गाडीत ती कुपी नुसती पडून राहणार आणि कुणी अनोळखी माणसाने वेल्डिंग करताना किंवा खोलताना हाताशी फुटली तर इजा होणार. दुसरं म्हणजे लोड लिमिटर. ठरावीक भारानंतर रीळ मुद्दाम थोडा पट्टा सोडतं, कारण पुढे एअरबॅग वाट बघत असते. आपल्याकडे पुढे एअरबॅग नाही, स्टीअरिंगचा दांडा आहे.

तिसरं, भंगारातली गाडी भंगारात का आली? टक्कर झाली असेल तर त्या बेल्टने आपलं काम एकदा केलेलं आहे. पट्टा पूर्ण बाहेर ओढून उजेडात धर. खांद्याजवळच्या कडीतून जो भाग जातो तिथे कापड चकाकत असेल, धागे वितळून एकमेकांना चिकटल्यासारखे कडक लागत असतील, तर तो पट्टा भार घेऊन बसलाय. तो कचऱ्यात.

जुन्या गाड्यांसाठी म्हणून बनवलेले, प्रमाणित, कोरे बेल्ट मिळतात: लेबलवर प्रमाणपत्राचा क्रमांक आणि बनवल्याची तारीख असते. तेच घ्यावेत. घेताना एकच गोष्ट नीट सांगायची, रीळ कोणत्या कोनात बसणार.

डिकीभर

पानाफिरकी, इथेच माझी पंचाईत झाली आहे. मी घाईत दोन रिळं आणून ठेवलीत, प्रमाणित, कोरी. काल डिकीच्या कडेला हाताने धरून पाहिली तर पट्टा बाहेरच येईना. टेबलावर आडवं ठेवलं की येतो. सदोष निघाली का?

पानाफिरकी

सदोष नाहीत, दुसऱ्या जागेची आहेत. तुला सेडानच्या मागच्या फळीवर बसणारं रीळ दिलंय.

रिळात दोन पहारेकरी असतात. एक पट्टा झटक्याने ओढला की अडवतो. दुसरा गाडीचा वेग अचानक बदलला की अडवतो, आणि तो म्हणजे एका खोबणीत बसलेली लहानशी पोलादी गोळी. रीळ कानाशी धरून हलव, टकटक ऐकू येईल. गोळी खोबणीच्या तळाशी आहे तोवर पट्टा मोकळा. ती कडेवर चढली की वरची कळ दाताच्या चाकात घुसते आणि रीळ जाम. आता तू रीळ उभं धरलंस म्हणजे गोळी आधीच कडेवर. मग ते सोडणार कसं?

संयुक्त राष्ट्रांच्या नियमावली १६ प्रमाणे रीळ त्याच्या ठरलेल्या कोनापासून १२ अंशांपर्यंत कलंडलं तरी अडकता कामा नये आणि २७ अंशांच्या पुढे गेलं की अडकलंच पाहिजे. म्हणजे चूक करायला फार थोडी जागा आहे. वॅगनच्या डिकीची भिंत क्वचितच सरळ उभी असते. कोनमापक लाव, पुढे-मागे आणि आत-बाहेर दोन्हीकडचा कल मोज, आणि त्या आकड्याचं रीळ माग. काही रिळांत गोळीची खोबणी फिरवून कोन ठरवता येतो, तशी मिळाली तर उत्तम.

आणि हात जोडून सांगतो: अडतंय म्हणून गोळी काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर त्याला गाडीला हात लावू देऊ नकोस. रीळ लोण्यासारखं चालेल, पण टकरीत फक्त झटक्याच्या पहारेकऱ्यावर सगळा भरवसा राहील.

डिकीभर

जीव भांड्यात पडला. रिळं परत करतो. कोन मोजून येतो.

वेगवान

एवढा व्याप कशाला? रेसिंगचा चार पट्ट्यांचा हार्नेस घ्या, पट्टे मागे डिकीच्या तळाला बांधा. रीळ नको, कोन नको. थ्री-पॉइंटपेक्षा घट्ट धरतो.

हाडवैद्य

वेगवान, डिकीच्या तळाला नको. खांद्यावरून जाणारा पट्टा मागे उतरत जमिनीकडे गेला की टकरीत तो खांदे मागे धरतो तसाच खालीही दाबतो, आणि तो दाब सगळा मणक्यांवर येतो. खांद्याचा बिंदू खांद्याच्या पातळीत किंवा थोडा वरच हवा. शिवाय चार पट्ट्यांच्या हार्नेसमध्ये खांद्याचे पट्टे ओढले की कमरेचा पट्टा वर उचलला जातो आणि माणूस खालून घसरतो. म्हणून स्पर्धेत मांड्यांमधून जाणारा पाचवा-सहावा पट्टा असतो, आणि त्यासाठी सीटही वेगळी लागते.

वेगवान

खालून घसरण्याचा मुद्दा ध्यानात नव्हता. सूचना मागे घेतो.

ठिणगी

उशिरा आलो. गेली कित्येक वर्षं जुन्या बॉड्यांचं वेल्डिंग करतोय, म्हणून माझ्या भागापुरतं लिहितो.

पट्टा सहसा तुटत नाही. सुटतो तो पत्रा. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावली १४ मध्ये साध्या प्रवासी गाडीच्या बिंदूंची चाचणी अशी घेतात: खांद्याच्या पट्ट्यावर १३.५ किलोन्यूटन आणि त्याच वेळी कमरेच्या पट्ट्यावर १३.५ किलोन्यूटन, म्हणजे प्रत्येकी सुमारे १,३७५ किलोचा भार. वर गतिज यांनी काढलेला आकडा आठवा. आता मिलिमीटरभरही जाड नसलेल्या पत्र्याला भोक पाडून त्यात बोल्ट आणि रुपयाएवढा वॉशर लावला, तर तो वॉशर पत्र्यातून कागदातून टाचणी यावी तसा निघून येतो.

म्हणून पत्र्यामागे पोलादी पट्टी हवीच. मोटर स्पर्धांच्या एफआयए नियमांत किमान ३ मिमी जाड आणि किमान ४० चौरस सेमी क्षेत्रफळाची पट्टी सांगितली आहे. मी त्याहून थोडी मोठी घेतो, कोपरे गोल करतो (टोकदार कोपरा पत्रा फाडतो) आणि पत्र्याच्या वळणाप्रमाणे ठोकून बसवतो, म्हणजे ती सगळीकडून टेकते. पट्टी अशा बाजूला हवी की भार आल्यावर ती पत्र्यावर दाबली जाईल, पत्र्यापासून ओढली जाणार नाही.

सी-पिलर म्हणजे आतून पोकळ पेटी. तिच्या आरपार बोल्ट घालून आवळला तर पेटी चेपते आणि बोल्ट कधीच घट्ट राहत नाही. आत जाड नळीचा तुकडा घालून दोन्ही बाजूंना वेल्ड करतात, किंवा आतल्या बाजूला फट पाडून नट लावलेली पट्टी आत सरकवून चारी कडांनी वेल्ड करतात. मला दुसरी पद्धत आवडते, बाहेरच्या रंगाला धक्का लागत नाही. मूळरूप यांनाही चालावी.

वेल्डिंग करताना पट्टे, अस्तर, गाद्या बाहेर, बॅटरीची तार सुटी, आणि पेट्रोलची टाकी वॅगनमध्ये नेमकी कुठे आहे ते आधी बघा. नंतर आतून गंजरोधक मेण फवारा, नाहीतर तुमचीच पट्टी पाच वर्षांत कुजेल.

नवखा

बोल्ट स्टेनलेसचे घ्यावेत का? गंजणार नाहीत.

ठिणगी

नको. नेहमी मिळणारा स्टेनलेसचा बोल्ट ताकदीत कमी पडतो. बेल्टसोबत जे बोल्ट येतात तेच वापरा. जगभर बहुतेक सीटबेल्टचा बोल्ट एकाच मापाचा: ७/१६ इंच, इंचाला २० आटे. आमच्याकडची जुनी माणसं साडेतीन सुती म्हणतात. यात एक सापळा आहे. मेट्रिक १० मिमीचा बारीक आट्यांचा बोल्ट त्या नटात फिरतो, कारण आट्यांची घनता जवळजवळ सारखी. डुगडुगत आत जातो, "बसला" असं वाटतं. प्रत्यक्षात आटे एकमेकांना जेमतेम शिवलेले असतात. एका झटक्यात बाहेर.

जुन्या नटात रंग आणि चिकट लुकण साठलेलं असतं. त्याच मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने फिरवून साफ करा, बोल्ट आधी नुसत्या बोटांनी निम्म्याहून जास्त आत गेला पाहिजे.

कमानी

ठिणगी यांच्या लिहिण्याला माझा अनुभव जोडतो. माझ्या वॅगनचे पुढचे बेल्ट एका गॅरेजातून नवे लावून घेतले होते. दिसायला झकास. तीन वर्षांनी गालिचा वाळवायला काढला आणि सहज म्हणून सिलजवळच्या (दाराखालच्या पत्र्याच्या पट्ट्याजवळच्या) बोल्टला पाना लावला. पाव फेरा फिरवला आणि बोल्ट, नट, त्याला चिकटलेला तळहाताएवढा गंजका पत्रा असं सगळं माझ्या हातात आलं. भोकातून खालची जमीन दिसत होती. तीन वर्षं मी बायकोला त्या सीटवर बसवून हायवेवर फिरलो होतो. तिथेच जमिनीवर बसून राहिलो बराच वेळ.

तेव्हा डिकीभर, दाभण घ्या आणि प्रत्येक बिंदूच्या भोवती टोचून बघा. वरूनही आणि गाडीखालूनही. मागच्या चाकाची कमान, सिल, खांबाचा पाय. दाभण टणकन वाजलं पाहिजे. रुतलं तर आधी पत्रा, मग बेल्ट.

साधीसुधी

कमानी, वाचून अंगावर काटा आला. बरं झालं गालिचा वाळवायला काढलात.

निळाई

माझ्या वॅगनला डिकीत मागे तोंड करून बसायची तिसरी रांग आहे. तिथेही थ्री-पॉइंट लावू का? आणि एका मैत्रिणीच्या गाडीत त्या सीट आडव्या, एकमेकांसमोर आहेत.

हाडवैद्य

आडव्या सीटला खांद्याचा पट्टा नको. पुढून टक्कर झाली की धड बाजूला फेकलं जातं आणि पट्टा मानेत रुततो. तिथे कमरेचाच, आणि खरं तर रस्त्यावर तिथे कुणाला बसवूच नये असं मी म्हणेन. मागे तोंड असलेल्या सीटला पुढून टक्कर झाली तर पाठच भार घेते, ते चांगलंच. पण तिथे बसणाऱ्याचे गुडघे गाडीच्या शेवटच्या टोकाला टेकलेले असतात. मागून कुणी धडकलं तर काय, याचा विचार करून ठरवा.

गतिज

वॅगनबद्दल आणखी एक. डिकी आणि माणसं यांच्या मध्ये फक्त सीटची घडी होणारी पाठ असते, आणि ती बऱ्याच जुन्या गाड्यांत एका लहानशा आकड्यावर उभी असते. २० किलोची पेटी टकरीत ४०० किलोने त्या पाठीवर आदळते. पट्ट्याने मुलाला पुढून धरलेलं आणि मागून पेटी येतेय. आकडा झिजलाय का पाहा, आणि सामान बांधायला तळाला कड्या, वर जाळी किंवा पिंजरा लावा. जाळीचे खांबही पत्र्याला नाही, पट्टीला बांधायचे.

हाडवैद्य

मुलांच्या सीटबद्दल राहिलंच. आठ वर्षांच्या मुलीला उंचवणारी बूस्टर सीट, आणि ती फक्त थ्री-पॉइंटबरोबर; नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर बूस्टर कधीही नाही. पाच वर्षांच्या मुलाला त्याच्या वजनात बसत असेल तर स्वतःचे पाच पट्टे असलेली सीट जास्त चांगली. तिला वरून मागे जाणारा एक बंद असतो. वॅगनमध्ये तो डिकीच्या तळाला बांधायला जागा आहे, खांबाला भोकं पाडणार असाल तेव्हाच तोही बिंदू करून घ्या.

मधल्या जागेला वॅगनमध्ये खांद्याचा बिंदू नीट मिळत नाही. ती जागा रिकामी ठेवा.

डिकीभर

मंडळी, जवळजवळ दोन महिन्यांनी येतोय. काम झालं.

पानाफिरकी, तुमचा अंगठा जिंकला. उजव्या सी-पिलरचं अस्तर काढलं, त्यामागे जाड तपकिरी पुठ्ठा होता, आणि पुठ्ठ्याखाली खिडकीच्या कडेपासून चार बोटं आत एक गोल खळगा. नखाने रंग खरवडला तर खाली आटे दिसले. चोपन्न वर्षं तो नट तिथे बसून होता. डावीकडेही तसाच. टॅप फिरवला तेव्हा राखाडी लुकणाची एक लांब वेटोळी बाहेर आली. खांद्याच्या बिंदूसाठी एकही भोक पाडावं लागलं नाही.

खाली मात्र तसं नव्हतं. कमरेच्या पट्ट्याचे जुने बिंदू तळपत्र्यात होते, डावीकडचा दाभणाने टणक लागला, उजवीकडे मागच्या चाकाच्या कमानीपाशी दाभण मुठीपर्यंत गेलं. वरून सगळं छान रंगवलेलं होतं. एका वेल्डरकडून कुजका भाग कापून नवा पत्रा घातला, त्याखाली ३ मिमीची पट्टी, कोपरे गोल. रिळासाठी कमानीच्या आतल्या उभ्या भिंतीवर दोन्हीकडे पट्ट्या घातल्या. भिंत ७ अंश आत झुकलेली आणि पुढे-मागे ३ अंश. तसं लिहून पाठवलं आणि कोन ठरवता येणारी रिळं मागवली.

पहिल्यांदा जोडलं तेव्हा बोल्ट कचकचून आवळला आणि पट्ट्याची लोखंडी पट्टी हलेचना. मग लक्षात आलं, नागमोडी वॉशर उलट्या बाजूला घातला होता. तो आणि टप्पा असलेला (शोल्डर) बोल्ट नीट बसवल्यावर बोल्ट घट्ट आणि पट्टी मात्र बोटाने फिरते. ती फिरली नाही तर पट्टा कडेवर घासून फाटतो, हे त्या जुन्या पट्ट्याच्या टोकाकडे बघूनच कळलं.

मागच्या गादीचा फोमही बदलला, जुना इतका बसला होता की माणूस आपोआप पुढे घसरायचा. कमरेच्या पट्ट्याचा कोन आता साधारण ५५ अंश येतोय. बाहेर काढलेलं अस्तर, पुठ्ठा, विटलेले पट्टे, मूळ बक्कल सगळं चिठ्ठ्या लावून पेटीत ठेवलंय.

काल मुलगी बूस्टरवर बसली. पट्टा खांद्याच्या मध्यावरून, मानेपासून दूर. मुलगा त्याच्या सीटमध्ये, मागचा बंद डिकीच्या तळाला. गाडी आच्छादनातून काढली आणि दोघांना घेऊन तासभर फिरलो. मुलगी सारखी पट्टा झटकन ओढून तो अडतो का ते बघत होती. "बाबा, अडला. पुन्हा अडला."

मूळरूप

वाचून फार बरं वाटलं. तो नट कारखान्यानेच ठेवला होता म्हणजे तुम्ही गाडी बदलली नाहीत, तिची राहिलेली जोडणी पूर्ण केलीत. माझं आधीचं म्हणणं मी अस्तर न काढताच मांडलं होतं. त्या पेटीत चिठ्ठ्यांसोबत मूळ अंतरांची मापंही लिहून ठेवा, पुढच्या माणसाला लागतील. आणि नटाचे फोटो टाकाल का? माझ्या गाडीचं अस्तर मी या रविवारी सोडवतोय.

पानाफिरकी

फोटो टाकच. आणि डिकीभर, पुढचे बेल्ट अजून तसेच आहेत ना? रीळ नसलेला पट्टा नीट घट्ट लावला तर धरतो उत्तम. पण तसा लावला की हात चोकच्या खुंटीपर्यंत पोचत नाही, म्हणून लोक सैल ठेवतात. सैल पट्टा म्हणजे गतिजच्या हिशेबातलं अंतर फुकट गेलं.

डिकीभर

हो, पुढचे बाकी आहेत. बी-पिलरचा (पुढच्या दाराच्या मागच्या खांबाचा) पाय दाभणाने तपासला, टणक आहे. खांब मागे ४ अंश झुकलाय. रीळ तळाशी बसेल का, की दाराचं रबर आड येईल?

पानाफिरकी

४ अंश म्हणजे उभं रीळ चालेल. मागवण्याआधी पुठ्ठ्याचं रीळ कापून तिथे चिकटव आणि दार हळू लावून बघ. सीट सगळी पुढे ओढून आणि सगळी मागे ढकलून, दोन्ही वेळा.